चाळीस तित्तर आणि एक कापलेलं पान

१

पान कापलेलं होतं. फाटलेलं असतं तर उंदरावर ढकलून मोकळं होता आलं असतं. पण उंदीर काही शिवणीला धरून, चाकूनं, सरळ रेघेत पान काढत नाही.

फसली तेराशे पंचविसातला, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे पंधरा-सोळाचा, थंडीचा दिवस. लिंबारवाडीच्या चावडीत जंगल खात्याचे मोहतमीम, म्हणजे वरिष्ठ अंमलदार, वाजिद हुसेन साहेब ती जुनी उर्दू वही हातात धरून बसले होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. ती वही त्यांच्या उस्तादांची. उस्ताद अल्लाघरी गेलेले. अकरा वर्षांपूर्वी याच गावच्या रमण्यात, म्हणजे सरकारी गवताच्या राखीव रानात, उस्तादांनी शंभर तित्तर तोलून सोडून दिले होते आणि सरासरी काढली होती : चोवीस तोळे.

आता ही तोलातोली पुन्हा कशासाठी, तर राधाकिशन देशमुखांच्या अर्जासाठी. रमण्यात फासे लावायचा परवाना सिदू पारध्याच्या कुळाकडे दोन पिढ्यांपासून होता. देशमुखांचं म्हणणं, पारध्यांनी मोठे मोठे तित्तर मारून संपवले, आता नुसती चिमणीएवढी पाखरं उरली, तेव्हा त्यांना हाकला आणि रमणा आमच्या देखरेखीखाली द्या. साहेब सरळ माणूस. ते म्हणाले, बोलण्यावर काय जायचं? तोलून बघू. अर्धा तोळा इकडंतिकडं झाला तर ती नशिबाची गोष्ट समजेन. त्याहून जास्त उतरला, तर रमणा बिघडला असं मानेन आणि परवाना रद्द करीन.

सिदूनं तीन दिवसांत चाळीस तित्तर जिवंत धरून आणले. एकेका पाखराला कापडी बटव्यात घालून पारड्यात ठेवायचं, समोरच्या पारड्यात तसाच रिकामा बटवा आणि वजनं. तोलून झालं की पायाला लाल दोरा बांधून सोडून द्यायचं. एक पंख दुखावलेली मादी तेवढी टोपलीत राहिली होती. सरासरी निघाली तेवीस तोळे.

एक तोळा कमी. सिदूची बारा पालं त्या एका तोळ्याला टांगलेली होती.

"आता आनखी काय बघायचं, साहेब?" देशमुख मिशीवर हात फिरवत म्हणाले. "पाखरं खंगलीत, हे सिद्ध झालं. आन् ह्या लबाडानं वहीचं पान पळवलं. कागद गेला की तपास गेला, असं वाटलं आसंल त्याला."

"कावून हो देशमुख?" कोपऱ्यातून आवाज आला. "सिदूला अलिफ आन् काठी सारखीच. त्यो कुठलं पान पळवायचं ते कसं वळखल?"

ही जगदेवी. बसप्पा वाण्याची विधवा, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, पन्नाशी उलटलेली. गावातलं एकुलतं एक किराणा दुकान तिचं. पाखरं मारून खाणाऱ्यांशी तिला काही देणंघेणं नव्हतं, पण तोलायला तराजू तिचा आणला होता आणि तराजू उसना दिला तरी नजर त्याच्यावरच ठेवायची, ही तिची रीत. तीन दिवस ती चावडीच्या कोपऱ्यात ठाण मांडून होती.

"मग तुझ्या तराजूतच खोट हाय म्हन," देशमुख म्हणाले.

जगदेवी उठली. पदर खोचला. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात त्यांच्याइतकाच धोंडा ठेवला आणि मग दोन्हींची अदलाबदल केली. काटा होता तिथंच उभा राहिला. ती परत कोपऱ्यात जाऊन बसली. देशमुखांचा हात मिशीवरून खाली आला.

साहेबांनी वही पेशकार मोहनरावांपुढं धरली. दौऱ्यापुरते कारकून म्हणून नेमलेले हे पेशकार याच गावचे, उर्दू मोत्यासारखं लिहिणारे. "मोहनराव, वही पंधरा दिवस तुमच्याकडं होती. पहिल्या पानावर काय होतं?"

"सरनामा असंल, साहेब. तारीख, गाव, असलंच. मी नीट पाह्यलं न्हाई. पाखरं तर सगळी दुसऱ्या पानापासून हायेत."

"ठीक. उद्या दुपारच्या नमाजाआधी हुकूम लिहीन. तोपर्यंत सिदू चावडीतून हलणार नाही."

"साहेब," जगदेवी म्हणाली, "माझ्या तराजूचं नाव निघालंय. तवर मला चार मानसांशी बोलू द्या."

साहेबांनी मान हलवली. पण चावडीची पायरी उतरताना तिच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. ज्या पानावर एकही पाखरू नाही, ते पान कुणी कशाला चोरील?

२

आधी तिनं सिदूलाच धरलं. कारण खरं सांगायचं तर तिचा पहिला संशय त्याच्यावरच होता. पारध्यावर संशय घ्यायला गावाला कधी कारण लागत नसे, आणि जगदेवी गावाबाहेरची नव्हती.

"सिदू, खरं सांग. थोरली थोरली पाखरं बार्शीच्या खाटकाला इकली आन् किडकी साहेबाला दिली का न्हाई?"

सिदू चावडीच्या खांबाला टेकून बसला होता. "अक्का, पाखरू फाशात पाय घालतं तवा वजन इचारून घालतं व्हय? जे घावलं ते आनलं. माझी दोन लेकरं, म्हातारी आई, बारा पालं. मी कशाला खोटी पाखरं आनीन? त्यानं माझंच मरन हाय की."

हे खरंच होतं. हलकी पाखरं आणून सिदूचा फायदा काय? जगदेवी स्वतःवरच चिडली.

"अकरा सालामागं तोललं तवा तू होतास?"

"व्हतो तर. बाप पाखरू धरायचा, धुळाजी. मी टोपली धरायचो. लगीन व्हायचं व्हतं माझं." त्या आठवणीनं त्याचा चेहरा जरा उजळला. "म्हातारा साहेब लई गमतीचा. पाखरू तोलताना पारड्यात छन्‌छन् वाजायचं. माझ्या बापाला त्यो आवाज लई आवडायचा. म्हनायचा, आपलं तित्तर बघ कसं वाजतंय."

"आन् यंदा?"

"यंदा कुठलं वाजतंय. ठक् ठक्. देशमुखांनी नवी पितळी वजनं दिलीत ना बार्शीची."

जगदेवीनं ते ऐकलं आणि पुढं गेली. शहाणं माणूससुद्धा हातात आलेला दाणा कधीकधी खड्याबरोबर फेकून देतं.

३

पाखरं चावडीमागच्या कोठीत ठेवली जात आणि राखण देशमुखांच्या कामदाराकडं होती. त्याचं नाव गहिनीनाथ. जगदेवी त्याच्या अंगणात गेली तेव्हा तो विनाकारण बैलाची शिंगं पुसत होता. विनाकारण काम करणारा माणूस तिला कधीच आवडला नाही.

"गहिनीनाथ, पाखरांना दाना किती घालत व्हतास?"

त्याचा हात थांबला. "दाना?"

"जोंधळा. बाजरी. पाखरं खातात ते."

"मला कुनी सांगितलंच न्हाई अक्का. मालक म्हनले, कुलूप लाव आन् बस." त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "मी पानी ठेवलं व्हतं, महादेवाशप्पथ."

झालं! जगदेवीला वाटलं, गाठ सुटली. रात्रभर उपाशी ठेवलेलं पाखरू सकाळी तोळाभर उतरणारच. ती तरातरा साहेबांच्या राहुटीकडे निघाली. वाटेत देशमुखांचा वाडा लागला. ओसरीवर पेशकार मोहनराव देशमुखांशी हळू आवाजात बोलत उभे होते. तिला पाहताच दोघंही एकदम गप्प झाले. मग देशमुख मोठ्यानं म्हणाले, "थंडी लई पडली यंदा!" भर उन्हात.

साहेबांनी तिचं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बाई, मीही तोच विचार केला होता. पण चाळीसपैकी एकोणीस पाखरं कोठीत गेलीच नाहीत, फाशातून काढल्या काढल्या इथं आणून तोलली. तीही तेवढीच कमी. कोठीतलं आणि रानातलं, दोन्ही सारखं."

"मंग थोरली मारून टाकली आसतील तर?"

"तर नर कमी दिसले असते. बघा." त्यांनी दोन्ही वह्या समोर ठेवल्या आणि वाचून दाखवलं. "उस्तादांच्या वेळी नरांची सरासरी सव्वीस तोळे. आता पंचवीसला किंचित कमी. मादी तेव्हा तेवीस, आता बावीसला किंचित जास्त. यंदाची कोवळी पिल्लं तेव्हा अठरा, आता सव्वासतरा. शेकडा किती नर, किती मादी, किती पिल्लं, ते तेव्हा जेवढं तेवढंच आता."

जगदेवीला लिहिता येत नव्हतं, पण हिशोब तिच्या जिभेवर राहायचा. सव्वीसला एक आणि वर थोडं. तेविसाला एकाला जरा कमी. अठराला पाऊण. थोरल्याला जास्त, धाकट्याला कमी, पण ज्याच्या त्याच्या अंगाच्या मानानं अगदी बरोबर. चोविसात एक.

भूक अशी वाटून घेत नाही. एखादं पाखरू उपाशी मरतं, शेजारचं पोटभर खातं. फासाही असं वाटून घेत नाही. सगळ्यांचं एकाच मापानं उणं झालं, म्हणजे दोष पाखरात नाही, मापात आहे.

हा चोविसातला एक तिनं आधी पाहिला होता. स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या हातानं.

४

दुकानात येऊन तिनं फळ्या लावल्या, दिवसाढवळ्या. गादीखालची लोखंडी पेटी ओढली. आत पितळी वजनांचा संच होता. बार्शीचा.

बार्शी इंग्रजी मुलुखात. तिथला तोळा म्हणजे इंग्रजी कळदार रुपयाचं वजन. इकडं निजामी मुलुखात गावाकडच्या बाजारात तोळा म्हणजे हाली रुपयाचं वजन, आणि पारड्यात वजन म्हणून रुपयेच टाकायचे. हाली रुपया कळदारापेक्षा हलका. कळदार तेवीस म्हणजे हाली चोवीस. नाव दोन्हीकडं तोळाच, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नसे. वाण्याच्या ध्यानात मात्र येई.

बसप्पानं लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिला शिकवलं होतं : घ्यायचं ते पितळी वजनांनी, द्यायचं ते रुपयांनी. शेराला साडेतीन तोळ्यांचा फरक. शहाणी गिऱ्हाइकं भांडत, त्यांच्याशी नाही करायचं. जे भांडत नाहीत त्यांच्याशी. डिंक आणि मध घेऊन येणाऱ्या पारध्यांशी. बसप्पा जाऊन सहा वर्षं झाली होती. पहिली चार वर्षं तिचा हात तसाच चालत राहिला. मग एक दिवस कपिलधारला यात्रेला जाऊन आल्यावर तिनं पेटी बंद केली, आणि बंद केली म्हणजे झालं असं स्वतःला सांगितलं.

आता एकेक गोष्ट तिच्यापुढं येऊन बसली. उस्तादांच्या पारड्यात वाजायचं छन्‌छन्, ते रुपये होते. यंदाची ठक्‌ठक् बार्शीची. आणि कापलेल्या पहिल्या पानावर पाखरं नव्हती, पण कशानं तोललं ते लिहिलेलं असणार.

मग तिला मोहनराव आठवले. चार दिवसांपूर्वी ते तराजू मागायला आले तेव्हा तिनं रुपयांची थैलीही पुढं केली होती. "नुसता तराजू द्या, अक्का," ते घाईनं म्हणाले होते, "वजनं हायेत आमच्याकडं." तराजू मागणारा वजनं नको म्हणतो? तेव्हाच तिला खटकायला हवं होतं. आणि पायरी उतरता उतरता ते परत वळले होते : "पाच शेर साखर आन् सुपारी बांधून ठेवा. पोरीची सुपारी फुटायची हाय बेस्तरवारी. देशमुखांच्या पुतन्याशी. पन पक्कं उद्यापरवा सांगतो." पोरीचं लग्न कुणी साहेबाच्या हुकुमावर अडकवून ठेवतं का? ठेवतं, जर व्याही देशमुख असेल तर.

चोर सापडला होता. पण चावडीत उभं राहून हे सांगायचं म्हणजे गाव पहिला प्रश्न विचारणार : जगदेवी, तुला हे कसं ठाऊक? गप्प बसलं तर कुणालाच कळणार नाही. बारा पालं उठतील, रमणा देशमुखांचा होईल, आणि तिचं दुकान आहे तसं चालेल.

बाहेर कुणीतरी मीठ मागायला आलं, हाका मारून परत गेलं. शेवटी तिनं रुपयांची थैली उचलली. मग पेटीही उचलली.

५

दुसऱ्या दिवशी चावडी भरली होती. दुपारच्या नमाजाला घटकाभर अवकाश होता आणि मोहनरावांनी हुकुमाचा कागद लिहायला घेतला होता.

"थांबा," जगदेवी म्हणाली. तिनं आपला तराजू मधोमध धरायला गहिनीनाथला लावला. एका पारड्यात देशमुखांनी दिलेली पितळी वजनं ठेवली, मोजून तेवीस तोळे. दुसऱ्या पारड्यात ती थैलीतले हाली रुपये टाकू लागली, नवे कोरे, चारमिनारवाले. छन्. छन्. छन्.

खांबाशी बसलेल्या सिदूनं मान वर केली.

तेवीस टाकले. रुपयांचं पारडं वरच राहिलं. तिनं चोविसावा टाकला. काटा सरळ उभा राहिला.

साहेब उठून तराजूजवळ आले, वाकून पाहिलं, मग टोपलीतली ती पंख दुखावलेली मादी स्वतः बटव्यात घातली. पितळी वजनांनी ती बावीस तोळे भरली. रुपयांनी तेवीस. उस्तादांच्या वहीत मादीची सरासरी होती तेवढीच.

"पाखरं खंगली न्हाईत, साहेब," जगदेवी म्हणाली. "तोळा जाडा झालाय. तुमच्या उस्तादानं हालीनं तोललं, तुमी कळदारी तोळ्यानं. कशानं तोललं ते पयल्या पानावर लिवलेलं आसनार. म्हनून ते कापलं."

"बार्शीची वजनं चोख हायेत!" देशमुख ओरडले. "मला काय ठाऊक म्हाताऱ्यानं कशानं तोललं? मला उर्दू येत बी न्हाई!"

"तुमास्नी येत न्हाई. म्हनूनच ज्याला येतं त्याला व्याही करायला निघाला व्हता."

सगळ्यांच्या नजरा मोहनरावांकडे वळल्या. त्यांनी हातातला बोरू खाली ठेवला. त्यांनी नाही म्हटलं असतं तर कुणाकडे पुरावा नव्हता. पण तीस वर्षं सरकारी दप्तर सांभाळलेला हात. त्यानं पान कापलं, पण त्याला ते जाळवलं नाही. त्यांनी डोक्यावरची पगडी उतरवली आणि आतल्या घडीतून कागद काढून साहेबांपुढं ठेवला.

साहेबांनी वाचलं, "तराजू लोखंडी. वजन : सिक्का हाली." मग उस्तादांच्या अक्षरावरून बोट फिरवलं.

"माझी पोर वीस वर्षांची झाली, साहेब," मोहनराव खाली बघत म्हणाले. "देशमुख म्हनले, रमणा आमचा झाला की सुपारी. मी वाईट केलं. पन पोरीनं काय केलं नव्हतं हो."

देशमुखांना अचानक शेतावरचं काम आठवलं आणि निघताना ते जोडा घालायचाही विसरले.

साहेबांनी हुकूम स्वतःच्या हातानं लिहिला. परवाना कायम. मग ते जगदेवीकडं वळले. "बाई, बड्याबड्यांना सुचलं नाही. तुम्हाला कसं सुचलं?"

तो प्रश्न आलाच. जगदेवीनं काखेतली पेटी खाली ठेवली आणि झाकण उघडलं. आत बार्शीची पितळी वजनं होती, वापरून वापरून चकचकीत झालेली.

"माझ्याकडं बी हायेत," ती म्हणाली. "घ्यायला ही. द्यायला रुपये. दोन सालं झाली, बंद केलंय. त्याच्याआधी..." तिला सिदूकडं बघवेना. "त्याच्याआधी लई सालं."

६

सिदू चावडीतून उठला. त्यानं ती पंख दुखावलेली मादी टोपलीसकट उचलली आणि पालांकडे निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तर जगदेवीला बरं वाटलं असतं.

पाच शेर साखर बांधलेली तशीच दुकानात पडून होती. सुपारी फुटली नाही. मोहनरावांची पोर पाण्याला जाताना दुकानासमोरून खाली मान घालून गेली आणि जगदेवीला वाटलं, न्यायसुद्धा कुणाच्या ना कुणाच्या पारड्यातून काढूनच घ्यावा लागतो. तिनं साखर उचलून त्यांच्या घरी नेऊन दिली.

बाजाराच्या दिवशी गिऱ्हाइकं कमीच आली. जी आली ती वजनं उलटीपालटी करून पाहत होती. पाहू देत, तिनं मनाशी म्हटलं.

मग सिदू आला. पाठीवर डिंकाचं गाठोडं. त्यानं ते पायरीवर ठेवलं आणि कंबरेच्या फडक्यातून एक काळा दगड काढला. एका बाजूनं टाकीनं छिलून छिलून गुळगुळीत केलेला.

"केजला सोनाराकडं गेलतो," तो म्हणाला. "ऐंशी हालीबरोबर जुळवून आनलाय. त्यानं तीनदा तोलला. हा माझा शेर."

जगदेवीनं गादीवरून पुढं झुकून दगड पाहिला.

"घेताना बी हाच, देताना बी हाच," सिदू म्हणाला. "हितंच ठेव. आमच्या मानसांसाठी."

त्याच्या आवाजात राग नव्हता. विश्वासही नव्हता. बारा पालांनी बसून ठरवलेली गोष्ट तो सांगत होता, एवढंच.

तिनं दगड दोन्ही हातांनी घेतला. गादीवरची रुपयांची थैली उचलून आत टाकली आणि दगड तराजूच्या पारड्यात ठेवला. मग डिंकाचं गाठोडं सोडलं.

"पानी आन जरा, सिदू," ती म्हणाली, "हात चिकट हायेत माझे."

पारध्याच्या हातचं पाणी तिनं आजवर घेतलं नव्हतं. सिदूनं आत येऊन कोपऱ्यातला तांब्या उचलला आणि तिच्या हातावर पाणी घातलं.